पहिलं बाळंतपण माहेरी, नोंद सासरी: बेबी केअर किट आणि बाकीचे हक्क कसे मिळवायचे

महाराष्ट्र शासनाचं बेबी केअर किट, म्हणजे नवजात बाळाला लागणाऱ्या वस्तूंची मोफत बॅग, पहिल्या बाळंतपणासाठी असतं, आणि आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं. सगळा घोळ इथून सुरू होतो. नाव सासरच्या अंगणवाडीत असतं, प्रसूती माहेरच्या तालुक्यातल्या ग्रामीण रुग्णालयात होते. सासरची अंगणवाडीताई म्हणते, "प्रसूती आमच्याकडे झालेली नाही." माहेरची ताई म्हणते, "नोंद आमच्याकडे नाही." सून तीन-चार महिन्यांनी सासरी परतते तोवर झबल्यांचं माप उलटून गेलेलं असतं आणि किटची गोष्टही कुणाच्या लक्षात राहिलेली नसते.

बहुतेक घरांत चूक कागद नसण्याची नसते. कागद असतात, पण चुकीच्या क्रमाने आणि चुकीच्या गावात. म्हणून इथे सगळा भर क्रमावर दिला आहे. किटसोबतच दवाखान्यात फुकट मिळणारं सामान, घरपोच आहार आणि प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत आईच्या खात्यात येणारे पैसेही घेतले आहेत, कारण त्यांच्याही मुळाशी तीच नोंद आहे.

टप्पा १: आधी पात्रता नीट समजून घ्या

बेबी केअर किट २६ जानेवारी २०१९ पासून सुरू झालं. ते महिला व बालविकास विभागाकडून अंगणवाडीमार्फत मिळतं. पहिलं अपत्य, गरोदरपणाची सरकारी यंत्रणेकडे नोंद आणि सरकारी दवाखान्यात प्रसूती, या तिन्ही गोष्टी जुळल्या पाहिजेत. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, जिल्हा रुग्णालय हे सगळे सरकारीत येतात. प्रसूती खासगी नर्सिंग होममध्ये झाली तर किट मिळत नाही.

"खासगीत झालं म्हणजे आता काहीच मिळणार नाही" हा समज मात्र चुकीचा आहे आणि त्यात बायकांचं मोठं नुकसान होतं. अंगणवाडीचा घरपोच आहार गरोदर बाईला आणि बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत आईला मिळतो. प्रसूती कुठे झाली याचा त्याच्याशी संबंध नाही. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेलाही सरकारी दवाखान्याची अट नाही. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमातली मोफत प्रसूती, औषधं आणि गाडी मात्र सरकारी दवाखान्यातच मिळते.

नवऱ्याच्या कामामुळे सुरतला राहणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं: किट ही महाराष्ट्राची योजना आहे. मातृवंदना आणि जननी शिशु सुरक्षा केंद्राच्या आहेत, त्या तिथेही लागू होतात.

> सावध: किटसाठी कुठलीही फी नाही. फोनवर "किट मंजूर झालंय, ओटीपी सांगा" म्हणणाऱ्याला ओटीपी देऊ नका. तुमच्या हद्दीतली ताई ओळखीची असते, ती समोर बसून काम करते.

टप्पा २: १२ आठवड्यांच्या आत नोंद, तीही दोन ठिकाणी

बहुतेक जणी इथेच अडखळतात. उपकेंद्रातल्या सिस्टरकडे नाव घातलं की अंगणवाडीतही आपोआप गेलं, असं घरच्यांना वाटतं. तसं होत नाही. सिस्टर आणि आशाताई आरोग्य विभागाच्या, अंगणवाडीताई महिला व बालविकास विभागाची. दोघींच्या वह्या वेगळ्या, मोबाईलमधली ॲपंही वेगळी. प्रसूती आरोग्य विभागाच्या दवाखान्यात होते आणि किट दुसऱ्याच विभागाकडून येतं. म्हणूनच वॉर्डातल्या सिस्टरला किटबद्दल विचारलं तर तिला बरेचदा काहीच सांगता येत नाही. ती टाळत नसते, ते काम तिच्याकडे नसतंच.

म्हणून पाळी चुकल्याची खात्री झाली की हा क्रम धरा:

१. आधी आशाताईला सांगा. ती उपकेंद्रात किंवा आरोग्य केंद्रात नेऊन सिस्टरकडे नोंद करून देईल.
२. तिथे माता-बाल संरक्षण कार्ड मिळतं. कार्डावर १२ अंकी आरसीएच क्रमांक (आरोग्य विभागाकडचा तुमच्या नोंदीचा क्रमांक) लिहून घ्या.
३. तेच कार्ड घेऊन त्याच आठवड्यात अंगणवाडीत जा आणि गरोदर माता म्हणून नाव घाला.

"तीन महिने कुणाला सांगायचं नाही" ही घरोघरची रीत आहे. शेजारीपाजारी सांगू नका, हरकत नाही. पण आशाताईला आणि सिस्टरला सांगणं म्हणजे गावभर सांगणं नव्हे. तीन महिने थांबलात की लवकर नोंदणीची वेळ निघून जाते, आणि पहिल्या तपासणीत कळणारा रक्तदाब, हिमोग्लोबिन, थायरॉईडही उशिरा कळतो.

लोह-फोलिक आम्लाच्या गोळ्या चौथ्या महिन्यापासून रोज एक, किमान १८० दिवस मिळतात. कॅल्शियमच्याही मिळतात. दोन्ही बाळंतपणानंतर पुन्हा सहा महिने घ्यायच्या असतात, त्या विकत आणाव्या लागत नाहीत. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घेऊ नका आणि लोहाच्या गोळीवर चहा नको.

> तपासा: कार्डावर शेवटच्या पाळीची तारीख, कितवी खेप, आरसीएच क्रमांक आणि तुमचा स्वतःचा मोबाईल नंबर आहे ना? "कितवी खेप" रिकामं राहिलं तर पुढे पहिलं अपत्य असल्याचं सिद्ध करत बसावं लागतं.

टप्पा ३: नाव, आधार, बँक. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

आपल्याकडे लग्नानंतर बाईचं मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतं. त्यामुळे बहुतेक नवविवाहितांची कागदपत्रं अर्धी माहेरच्या नावाची, अर्धी सासरच्या नावाची असतात. आधारवर वडिलांचं नाव, दवाखान्याच्या कार्डावर नवऱ्याचं, बँकेत कॉलेजात असताना उघडलेलं खातं, रेशनकार्डावर तर कुठेच नाही. संगणक ही तीन वेगळी माणसं धरतो.

नियम एकच ठेवा: आत्ता आधारवर जे नाव आहे, अक्षरशः तेच नाव माता-बाल कार्डावर आणि अंगणवाडीत लिहायला सांगा. सिस्टर सवयीने "सौ. अमुक तमुक, नवऱ्याचं आडनाव" लिहिते. तिच्या हातात आधार ठेवा, तोंडी सांगू नका.

आधारवरचं नाव बदलायचंच असेल तर नोंद करण्याआधी बदलून घ्या. मध्येच, सहाव्या-सातव्या महिन्यात बदलू नका. तसं केलं तर आधीच्या सगळ्या नोंदी जुन्या नावावर आणि पुढच्या नव्या नावावर पडतात. नाहीच जमलं तर बाळंतपण आणि मातृवंदनेचा दुसरा हप्ता होईपर्यंत माहेरच्याच नावाने राहू द्या. माहेरच्या नावाने अर्ज केला म्हणून कुठलाही हक्क कमी होत नाही. सासरच्या मंडळींनी याचा मान-अपमान करून घेऊ नये.

आता बँक. मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात. ३,००० रुपयांचा पहिला हप्ता गरोदरपणाची नोंद आणि सहा महिन्यांच्या आत निदान एक तपासणी झाल्यावर, आणि २,००० रुपयांचा दुसरा बाळाची जन्मनोंद आणि १४ आठवड्यांपर्यंतचं लसीकरण झाल्यावर. दुसरं अपत्य मुलगी असेल तर ६,००० रुपये एकदम मिळतात. वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असणं, अन्नसुरक्षेचं किंवा दारिद्र्यरेषेखालचं रेशनकार्ड, ई-श्रम कार्ड, रोजगार हमीचं जॉबकार्ड, अनुसूचित जाती-जमाती यांपैकी एखादा निकष पूर्ण होत असेल तरी अर्ज करता येतो. सरकारी नोकरीत नियमित असलेल्यांना मिळत नाही.

हे पैसे तुम्ही फॉर्मवर लिहिलेल्या खात्यात येतातच असं नाही. ते आधारला डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात जमा होण्यासाठी) जोडलेल्या खात्यात येतात. खात्याला आधार "दिलेलं" असणं वेगळं आणि डीबीटीसाठी "सीड", म्हणजे जोडलेलं, असणं वेगळं. शिष्यवृत्तीसाठी कॉलेजात उघडलेलं आणि आता बंद पडल्यासारखं झालेलं खातं अजून जोडलेलं असेल, तर हप्ता तिकडेच जातो आणि इकडे घरचे "योजना फसवी आहे" म्हणत बसतात. बँकेत जाऊन एवढंच विचारा: "माझ्या आधारला डीबीटीसाठी सध्या कोणती बँक जोडलेली आहे?" हवी ती नसेल तर तिथेच फॉर्म भरून बदलून घ्या.

> सावध: मोबाईल नंबर नवऱ्याचा देऊ नका, निदान एकमेव म्हणून तरी नको. अंगणवाडीत आहार घेताना ओटीपी लागतो, चेहराही जुळवतात. नवरा पुण्यात कंपनीत आणि तुम्ही माहेरी असाल तर तो ओटीपी वेळेवर मिळायचा नाही.

टप्पा ४: माहेरी निघण्याआधीचे आठ दिवस

ओटीभरणाची तयारी सगळे करतात. त्याच आठवड्यात ही चार कामंही उरकून घ्या. सगळ्यात जास्त किटं इथेच हुकतात.

१. सासरच्या अंगणवाडीताईला सांगा की बाळंतपण माहेरी आहे. पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या ॲपमध्ये एका अंगणवाडीतलं नाव दुसऱ्या अंगणवाडीत स्थलांतरित करण्याची सोय असते. तिला माहेरच्या अंगणवाडीचं गाव, बालविकास प्रकल्प (ती अंगणवाडी ज्या कार्यालयाखाली येते ते) आणि शक्य तर तिथल्या ताईचा नंबर द्या. दोन ताया फोनवर एकदा बोलल्या की पुढचं निम्मं काम सोपं होतं.
२. किट कुठून घ्यायचं ते आत्ताच ठरवा. माहेरी तीन महिने किंवा जास्त राहणार असाल तर माहेरून घ्या. सव्वा महिन्याने परतणार असाल तर नाव सासरीच ठेवा आणि कागद माहेरहून आणा. दोन्हीकडे अर्ज करू नका. दुबार नोंद दिसली की दोन्हीकडे अडतं.
३. माता-बाल कार्ड, सोनोग्राफीचे रिपोर्ट, रक्तगटाचा कागद, आधार, पासबुक हे सगळं एका पिशवीत घालून न्या आणि प्रत्येकाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा.
४. माहेरी पोहोचल्यावर पहिल्याच आठवड्यात तिथल्या आशाताईला भेटा आणि जिथे प्रसूती करायची त्या दवाखान्यात निदान एकदा तपासणी करून घ्या. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. तो दिवस धरा.

माहेरच्या आशाताईला न भेटल्याचा तोटा बाळंतपणानंतर कळतो. दवाखान्यातल्या प्रसूतीनंतर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येऊन बाळाचं वजन, ताप, नाळ, आईचा रक्तस्राव बघते. तुम्ही तिच्या यादीतच नसाल तर ती येणार कशी? आणि सासरची आशाताई मात्र त्या तारखांना तुमच्या बंद खोलीपाशी येऊन परत जाते.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांसाठीही हाच क्रम आहे, फक्त माहेरच्या जागी कारखान्याचा तळ. दिवाळीनंतर टोळी निघण्याआधी आरसीएच क्रमांक पाठ करा किंवा मुकादमाच्या नव्हे, स्वतःच्या पिशवीत लिहून ठेवा. तो क्रमांक कोणत्याही जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यात चालतो.

आदिवासी भागातल्या बायकांनी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेबद्दल जरूर विचारावं; तिथे अंगणवाडीत दिवसातून एक वेळचं पूर्ण गरम जेवण मिळतं.

टप्पा ५: दवाखान्यात काय न्यायचं आणि काय विकत आणायचं नाही

किट बाळंतपणानंतर मिळतं, बाळंतपणात नाही. त्यामुळे "सरकार देणारच आहे" म्हणून रिकाम्या हाताने जाऊ नका. जुन्या, मऊ, धुवून उन्हात वाळवलेल्या सुती साडीची चार दुपटी, पाच-सहा झबली, लंगोट, दोन टोपडी आणि आईसाठी पॅड एवढं सातव्या महिन्यातच बांधून ठेवा. पहिल्या तासात बाळाला कोरडं करून आईच्या अंगाशी धरायचं असतं, तेव्हा नव्या कोऱ्या कडक कापडाचा काही उपयोग नसतो.

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात हे सगळं मोफत आहे:

- नॉर्मल प्रसूती आणि सिझेरियन दोन्ही
- औषधं, सलाईन, हातमोजे, टाके घालायचा धागा
- रक्त-लघवी तपासणी, सोनोग्राफी, लागलं तर रक्त
- जेवण: नॉर्मल प्रसूतीत ३ दिवस, सिझेरियनमध्ये ७ दिवसांपर्यंत
- घरून दवाखान्यात, एका दवाखान्यातून दुसऱ्यात आणि परत घरी सोडायला गाडी
- आजारी बाळावर एक वर्षापर्यंत उपचार

गाडीसाठी १०२, जीवघेणी अडचण असेल तर १०८.

बाहेरून औषध आणायची चिठ्ठी हातात पडली तर भांडू नका, पण लगेच दुकानाकडेही धावू नका. ड्युटीवरच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना शांतपणे विचारा, "हे जननी शिशु सुरक्षामध्ये मिळत नाही का?" बऱ्याचदा एवढ्यानेच स्टोअरमधून निघतं. बाईचा जीव अडला असेल तर मात्र आणा आणि चिठ्ठी व बिल जपून ठेवा. तक्रार करायची ती नंतर करता येईल.

टप्पा ६: डिस्चार्जच्या दिवशी उंबरा ओलांडण्याआधी

घरी जायची घाई, गाडी बाहेर उभी, बाळ रडतंय. याच गडबडीत अपुरे कागद हातात घेतले जातात. सोबत आलेल्या एका माणसाला फक्त हेच काम द्या.

डिस्चार्ज कार्डावर आईचं नाव आधारसारखं आहे का, प्रसूतीची तारीख-वेळ, बाळाचं लिंग आणि वजन आहे का, दवाखान्याचा शिक्का आहे का, ते वाचा. माता-बाल कार्डात बीसीजी, पोलिओचा शून्य डोस आणि हिपॅटायटिस बी या तीन लसींची नोंद झाली का ते बघा. हिपॅटायटिस बीचा डोस २४ तासांच्या आत द्यायचा असतो, तो राहिला असेल तर तिथेच विचारा.

जन्मनोंद २१ दिवसांच्या आत होते आणि ती जिथे जन्म झाला त्या हद्दीत होते. म्हणजे बाळ माहेरच्या तालुक्यात जन्मलं तर दाखला तिथूनच मिळणार, सासरच्या ग्रामपंचायतीतून नाही. बारशाची वाट बघू नका. नाव न घालताही नोंद होते, नाव नंतर घालता येतं. आईचं नाव तिथेही आधारप्रमाणेच लिहून घ्या.

> तपासा: डिस्चार्ज कार्ड, भरलेलं माता-बाल कार्ड, जन्मदाखला किंवा तो कधी नि कुठे मिळेल ते. या तिन्हींचे फोटो काढल्याशिवाय गाडीत बसू नका.

टप्पा ७: किटचा अर्ज

सव्वा महिना संपायची वाट पाहू नका. बाळंतिणीने स्वतः जायला हवं असं नाही. तिची आई, भाऊ, नवरा कुणीही कागद नेऊन देऊ शकतं. पहिल्या पंधरवड्यात द्या आणि काहीही झालं तरी दोन महिन्यांच्या पुढे जाऊ देऊ नका.

अंगणवाडीत छापील नमुना असेल तर तो भरा. नसेल तर साध्या कागदावर एवढं पुरतं:

"मी (आधारप्रमाणे नाव), राहणार (गाव), आरसीएच क्रमांक (१२ अंक). माझं गरोदरपण (गाव) येथील अंगणवाडीत (तारीख) रोजी नोंदलेलं आहे. माझी पहिली प्रसूती (तारीख) रोजी (शासकीय दवाखान्याचं नाव) येथे झाली. मला बेबी केअर किट मिळावं. सोबत आधार, माता-बाल कार्ड, डिस्चार्ज कार्ड यांच्या प्रती जोडल्या आहेत."

अर्जाच्या दोन प्रती करा. एक द्यायची, दुसरीवर ताईची सही आणि तारीख घेऊन घरी ठेवायची. ताई ओळखीची असली तरी सही घ्या. तिची बदली झाली तर नवी ताई तोंडी शब्दावर काही करू शकत नाही.

टप्पा ८: किट हातात आल्यावर

साधारण २,००० रुपयांपर्यंतच्या या संचात बाळाचे कपडे, छोटी गादी, टॉवेल, प्लास्टिकचा लंगोट, ब्लँकेट, मच्छरदाणी, गुंडाळायचं कापड, हातमोजे-पायमोजे, थर्मामीटर, नेलकटर, तेल, शाम्पू, बॉडीवॉश, आईसाठी हात धुण्याचं लिक्विड, खुळखुळा अशा वस्तू आणि त्या ठेवायला बॅग असते. ताईसमोरच उघडा, यादीशी ताडून बघा, मग सही करा. तेल, शाम्पू, बॉडीवॉशवरची मुदत वाचा.

वस्तू मिळाल्या की त्या सगळ्या लगेच वापरायचा मोह होतो. तेवढं टाळा.

कपडे आणि दुपटी आधी साध्या साबणाने धुऊन उन्हात वाळवा. शाम्पू-बॉडीवॉश आहे म्हणून बाळाला रोज फेस काढून न्हाऊ घालायची गरज नाही. बाळाचं वजन अडीच किलोपेक्षा कमी असेल तर सिस्टर सांगेपर्यंत अंघोळच नको, कोरड्या मऊ कापडाने पुसा आणि छातीशी धरून ऊब द्या. तेल अंगाला हलक्या हाताने लावा. नाकात, कानात, बेंबीत एक थेंबही नको. नाळ कोरडीच ठेवायची, तिच्यावर तेल, हळद, राख काही लावायचं नाही. गुंडाळताना पाय सरळ करकचून बांधू नका, गुडघे वाकवता आले पाहिजेत. ब्लँकेट छातीपर्यंतच, तोंडावर कधीच नाही. प्लास्टिकचा लंगोट प्रवासापुरता ठीक आहे. घरात दिवसभर घातला तर जांघेत पुरळ येतं.

या सगळ्यात सगळ्यात मोलाची वस्तू थर्मामीटर, आणि नेमका तोच बॅगेच्या तळाशी पडून राहतो. काखेत लावून बघायला शिका, आशाताई दाखवेल. नवजात बाळाचं तापमान ९७.७ ते ९९.५ फॅरनहाइटच्या दरम्यान असावं. त्याच्या वर गेलं, किंवा अंग गार पडून बाळ दूध ओढेनासं झालं, तर घरगुती उपाय न करता लगेच दवाखाना गाठा.

टप्पा ९: किट आलंच नाही तर

"साठा संपलाय" हे उत्तर खरंही असू शकतं. किटं जिल्ह्याला एकदम येतात आणि मधल्या काळात अंगणवाडीत काहीच नसतं. ताईवर चिडून उपयोग नाही, साठा तिच्या हातात नसतो. तुमचं नाव प्रलंबित यादीत लिहिलंय का, एवढं मात्र तिच्याकडून बघून घ्या.

महिनाभराने हालचाल नसेल तर सही घेतलेली प्रत घेऊन मुख्य सेविकेला (अंगणवाड्यांच्या पर्यवेक्षिकेला) भेटा. त्यानंतर तालुक्याचे बालविकास प्रकल्प अधिकारी. शहरात राहत असाल तर नागरी प्रकल्पाचे. तिथेही लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पुढची पायरी जिल्हा परिषदेचा महिला व बालविकास विभाग किंवा आपले सरकार पोर्टलवरची तक्रार. दवाखान्यातल्या मोफत सामानाची तक्रार मात्र इथे करू नका. ती आरोग्य विभागाची, तिच्यासाठी वैद्यकीय अधीक्षक किंवा १०४ क्रमांक.

एवढ्यावरही उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकारात १० रुपयांचा अर्ज प्रकल्प कार्यालयाला द्या. दारिद्र्यरेषेखालच्यांना तीही फी नाही. "आमच्या प्रकल्पाला या वर्षात किती किटं मिळाली, किती वाटली, प्रलंबित यादीत किती नावं आहेत आणि माझं नाव कितवं" असे चारच प्रश्न विचारा. उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं. गावात आणखी कुणाची पहिली प्रसूती झाली असेल आणि तिलाही किट मिळालं नसेल, तर तिलाही असाच अर्ज लिहून द्या. एकाच प्रकल्पातून दोन-चार अर्ज गेले की कार्यालयाला यादी काढावीच लागते.